सराव, सराव, सराव

३ फेब्रुवारी, सोमवार

आराखडा गेला एकदाचा! बंदराचा सुरक्षा आराखडा — चौऱ्याऐंशी पानं, प्रत्येक पानाखाली माझी सही. मनगट दुखतंय, पण मान ताठ आहे. निम्मी पानं जुन्या आराखड्यातून जशीच्या तशी उतरवली. सगळेच उतरवतात, मी निदान शुद्धलेखन तरी सुधारलं. साहेबांनी प्रत हातात घेतली, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "उत्तम झालाय." न उघडता!

तेरा तारखेला मोठा सराव. बाहेरून दोन तपासनीस येणार. नीट पार पडला तर सुरक्षाप्रमुखाची खुर्ची माझी. साहेब अर्धंच बोलले. उरलेलं अर्धं मी ऐकून घेतलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रशिक्षण सुरू. वीस रखवालदार, एक पंखा. नियम अगदी साधा: सरावात वॉकीटॉकीवर काहीही सांगायचं तर आधी तीनदा "सराव" म्हणायचं. नाहीतर ऐकणारा खरं समजून अग्निशमन दलाला फोन करत सुटायचा. "सराव, सराव, सराव — गेट एकवर बेवारस पेटी." झालं!

एकोणीस जणांना जमलं. विसावे म्हणजे चार नंबर धक्क्याचे काका. निवृत्तीला आठ महिने उरलेत आणि चाल अशी की निवृत्तीच त्यांच्यापाशी आधी पोचेल.

"चार नंबरवर पेटी आहे."

"काका, आधी सराव म्हणा."

"पण बाई, पेटी तर खरीच आहे. तुम्हीच ठेवलीत."

वर्ग हसला. मी नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काका विसरले. पुन्हा विसरले. मग पुन्हा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत धक्क्यावर चक्कर मारली. बाकीच्यांनी आराखड्याच्या प्रती डब्याखाली अंथरलेल्या — निदान तेल तरी शोषलं जातंय. काका मात्र वाचत होते! ओळीखाली बोट, ओठ हलताहेत.

"कुठवर आलात?"

"सव्वीस पानं झाली. बाई, बाराव्या पानावर गोदामामागचा लोखंडी जिना लिहिलाय. तो काढून सहा वर्षं झाली."

काय हे तोंड! मी म्हटलं, "जिन्याचं मी बघते, तुम्ही सरावाचं बघा."

बघितला नाही मी जिना. वेळ कुठाय?

१० फेब्रुवारी, सोमवार

नवऱ्याला म्हटलं, चहा टाक. स्वयंपाकघरातून आवाज — "सराव, सराव, सराव — चहा टाकलाय!" जाऊन पाहते तर गॅस बंद, स्वारी पेपर वाचतेय. नियम कळलेला हा आमच्या घरातला पहिला पुरुष.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रंगीत तालीम. काकांच्या तोंडून अखेर एक "सराव" निघाला.

"उरलेले दोन?"

"मनात म्हटले."

तपासनिसांसमोर हा माणूस माझी शोभा करणार. पण बाकी सगळं चोख आहे. माझी घडी बसली आहे. खुर्ची कुठल्या खिडकीशी ठेवायची तेही ठरलंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

दहाला सुरुवात झाली. दोन नंबर धक्क्यावर खोटा घुसखोर होडीतून येणार, बचावबोट त्याला पकडणार. मी नियंत्रण कक्षात, पाठीशी तपासनीस. सगळं घड्याळासारखं चाललेलं. दहा वाजून वीस मिनिटांनी वॉकीटॉकीवर कर्कश शिट्ट्या — एक, दोन, तीन! कानठळ्या बसल्या. मग काकांचा आवाज, "चार नंबर. माणूस पाण्यात पडलाय. बोट पाठवा."

सराव नाही, काही नाही! तपासनिसांनी एकमेकांकडे पाहिलं. मी बटण दाबून म्हटलं, "काका, आधी सराव म्हणा. आणि शिट्टी खिशात ठेवा."

"बाई, बोट पाठवा."

"आधी सराव म्हणा!"

पलीकडे शांतता. मला वाटलं, वरमले.

पडला होता जहाजाला रंग देणारा कामगार. फळीचा दोर सुटला. खरा माणूस, खरं पाणी. काकांनी स्वतः तरंगतं रबरी कडं फेकलं, दोर कमरेला बांधून शिडीवरून उतरले आणि त्याला धरून ठेवलं. बचावबोट सहा मिनिटं उशिरा निघाली. ती दोन नंबरवर माझ्या खोट्या घुसखोराला पकडत होती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रंगारी वाचला. गळपट्टीचं हाड मोडलंय, छातीत पाणी गेलं होतं. आईला ओळखतोय म्हणे.

साहेबांनी बोलावलं. मी ठाम सांगितलं — दहा दिवस रोज नियम मोडणाऱ्या माणसाने खऱ्या वेळी तो पाळला की मोडला, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं? साहेबांना पटलं. तपासनिसांनाही. काकांवर मेमो तयार केला: "सरावाचे नियम न पाळल्याने बचावकार्यास सहा मिनिटांचा विलंब." सोमवारी सही. मग धक्का सुटणार, शेवटचे आठ महिने सायकल स्टँडवर.

काकांना समोर बसवून वाचून दाखवला. वाद नाही, विनवणी नाही. म्हणाले, "बाई, तुमच्या पुस्तकात आहे तसंच केलं मी."

उद्धटपणाची कमाल!

१५ फेब्रुवारी, शनिवार

नवरा म्हणतो, "शिट्ट्या का फुंकल्या ते विचारलंस?"

"घाबरले असतील."

"घाबरलेला माणूस मोजून तीन फुंकतो?"

नवऱ्यांना शंका फार. आणि साहेबांच्या कारकुनाचा निरोप — मेमोत कोणत्या पानावरचा नियम मोडला तो आकडा घाला, त्याशिवाय सही होत नाही. म्हणजे सोमवारी आराखडा उघडणं आलं. शेवटचा उघडला होता तो सह्या करायला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पान एकेचाळीस, तिसरा परिच्छेद. "सराव चालू असताना खरी दुर्घटना घडल्यास संदेशाआधी तीन लांब शिट्ट्या द्याव्यात. त्या ऐकताच सराव तत्काळ थांबवावा."

शुद्धलेखन निर्दोष. खाली माझी सही.

साहेब यायच्या आत त्यांच्या टेबलावरचा मेमो उचलला आणि दुसरा ठेवला. मजकूर शब्दशः तोच, पानाचा आकडा घातला. नावाच्या रकान्यात माझं नाव.