सिरसाळ्याची बोली, स्कॉटलंडची पीएच.डी.

अप्पा, मला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात. इंग्लंडच्या वरच्या अंगाला आहे तो देश, थंडी फार असते म्हणतात. पण मला तिकडं जायचं नाही. मी इथंच चौसाळ्यात राहणार, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत राहणार आणि तिथले प्राध्यापक मला कॉम्प्युटरवरून मार्गदर्शन करणार. तुम्ही असता तर दुकानातल्या गादीवर बसल्या बसल्या चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतंत, "घरी बसून? मग मास्तर कुठं बसणार?" तुम्ही गेलात तेव्हा फोनवर बोलणाऱ्याचं तोंड दिसत नव्हतं, आता दिसतं. मास्तर तिकडं त्यांच्या घरी बसतात, मी माझ्या. एवढं सांगितलं की तुमचं समाधान झालं असतं आणि तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला असतात.

गिऱ्हाइकाकडं वळला असतात असं लिहिलं आणि सिरसाळ्याचं दुकान डोळ्यांपुढं उभं राहिलं. बाजारचा दिवस आहे. मी शाळकरी, सुट्टीत तुमच्याजवळ बसून विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालतेय. ऊसतोडीहून परतलेल्या बाया लुगडी बघायला आल्यात आणि तुम्ही म्हणताय, "माय, रंग जाणार न्हाई. गेला तर मला इचारायला या, मी कुठं पळून चाललोय?" तेवढ्यात कुणी पाटील येतात, तुमचा आवाज खाली उतरतो आणि वाक्यं लांब होतात. मग समोरचे शिंपीचाचा अस्तराचं कापड न्यायला येतात. त्यांच्याशी तुम्ही आपलं दखनी बोलता, "क्या चाचा, आज लई देर कर दिये," आणि तेही हसून बसतात. नात्यातलं कुणी आलं, कपाळावर भस्म लावलेलं, की बोलणं पुन्हा निराळं. एकाच सकाळी, एकाच गादीवर बसलेला माणूस इतक्या तऱ्हांनी बोलतो. मी घड्या घालता घालता ते ऐकत होते. मला तो खेळ वाटायचा. तुम्हाला तर त्यात काही वेगळं करतोय असंही वाटत नसणार.

मग मी पुण्याला गेले. परळीत कॉलेज असताना पोरीला पुण्याला कशाला, असं सगळी भावकी म्हणत होती, तरी तुम्ही मला पाठवलंत. पहिल्याच महिन्यात वर्गात सर काहीतरी सांगत होते, मला कळलं नाही. मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, असं कावून?" आधी एक मुलगी हसली, मग अख्खा वर्ग. त्यांच्याकडं 'का' म्हणतात, 'कशासाठी' म्हणतात. 'कावून' त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. वसतिगृहात माझं नावच कावून पडलं. मी दिवाळीला घरी आले आणि सुट्टी संपली तरी गेले नाही. आई म्हणाली, राहू दे.  मग एका दुपारी तुम्ही दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून माझ्यासमोर येऊन बसलात.

"त्येंनी हासलं म्हणून तू शिकायचं सोडायलीस?"

मी हातातल्या साडीची घडी पुन्हा घालायला घेतली.

"हासणाऱ्याचं तोंड दुखंल. तुपलं काय दुखायलंय?" तुमचा आवाज कधी नव्हे तो चढला होता. "उद्या गाडीत बसायचं. मी येतो संगं."

आणि आलात. धोतर, टोपी, हातात आपल्या दुकानाची कापडी पिशवी. मला वाटलं होतं मला वसतिगृहावर सोडून तुम्ही परत फिराल. पण तुम्ही थेट कॉलेजात गेलात, सरांची खोली विचारत विचारत शोधलीत. मी मागं दाराशी उभी, जमीन दुभंगावी अशा अवस्थेत. सरांनी तुम्हाला बसायला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "सर, पोरीकडं आमच्याकडचे शबुद हायेत. तुमचे बी शिकंल ती, हुशार हाय. फकस्त आमचे इसरायला लावू नगा."  सरांनी चहा मागवला. निघताना तुम्ही पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "वसतिगृहातल्या पोरींना वाट. हासल्या त्येंना आधी दे." मी दिले. त्या जरा ओशाळल्या, पण पेढे संपवले. त्यातल्या दोघी आजही माझ्या मैत्रिणी आहेत.

पुढचं थोडं तुम्हाला माहीत आहे. बी.ए. झालं, एम.ए. झालं, लग्न झालं. मी चौसाळ्याला आले आणि मला नोकरी लागायच्या आधीच तुम्ही गेलात. त्यानंतर मी इथंच पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं, ते काही पुढं सरकलं नाही. मार्गदर्शक निवृत्त झाले, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, लेक लहान. मी त्याचं दुःख करत बसले नाही, कारण दुःख करायला वेळ नव्हता. पण वर्गात एखादी मुलगी "मॅडम, मी न्हाई येनार उद्या" म्हणायची आणि दुसरी तिला "नाही म्हण, नाही" असं दटावायची, तेव्हा माझ्या आत काहीतरी उठून बसायचं.

लेक आता पुण्यात नोकरी करते. तिनंच हे विद्यापीठ शोधून काढलं. तिथं भाषांचा मोठा विभाग आहे आणि आपल्या गावात राहून संशोधन करायची सोय आहे. मी तुमच्या जावयांना भीत भीत विचारलं. ते त्यांच्या खताच्या दुकानात पोती मोजून घेत होते. मोजणं न थांबवता म्हणाले, "कर की. मला कावून इचारायलीस?" संपलं.

पहिल्या वर्षी नकार आला, अप्पा. मी मोठा अभ्यास करून प्रस्ताव लिहिला होता, सगळ्या मराठवाड्याची बोली, तिचा इतिहास, निजामाच्या राजवटीपासूनचे उर्दू शब्द, सगळं. त्यांनी सभ्य शब्दांत कळवलं की विषय फार पसरट आहे, यात तुमचं स्वतःचं काय आहे ते दिसत नाही. मी ते वाचलं, भाकरी थापायला बसले आणि पहिलीच भाकरी करपली. तुमचे जावई करपलेली भाकरी गुमान खात राहिले. पण त्या वाक्यानं मला सोडलं नाही. माझं स्वतःचं काय आहे? काही दिवसांनी सिरसाळ्याला आईकडं गेले होते. भाऊ आता दुकान चालवतो. मी सहज तिथं टेकले, एका बाईला तो साडी दाखवत होता, मागोमाग एक फौजदार आले, आणि माझ्या लक्षात आलं की भाऊ तेच करतोय. तुमच्यासारखाच बोलणं बदलतोय, गिऱ्हाईक ओळखून, एका दमात. मी तिथंच ठरवलं. विषय मराठवाडा नाही. विषय एक बाजार, त्यातली दुकानं, आणि तिथं दुकानदार माणसागणिक आपली बोली कशी बदलतो. नवा प्रस्ताव मी झरझर लिहिला. पुस्तकं फार उघडावी लागली नाहीत.

आता अर्जाच्या गमती सांगते. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली. केंद्रावर सगळी कॅनडाला निघालेली पोरं. दारावरचा मुलगा मला अदबीनं म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबायचंय." मी त्याला माझं ओळखपत्र दाखवलं. तो इतका वरमला की मला आत खुर्चीपर्यंत सोडायला आला. पास झाले, चांगल्या गुणांनी. मग नावाचा घोळ. माझ्या गुणपत्रिकांवर माहेरचं नाव, मधोमध तुमचं, आणि बाकी कागदांवर सासरचं. दोन्ही बाया एकच, असं तहसीलमध्ये प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. अर्ज कोणत्या नावानं करायचा असं लेकीनं विचारलं. मी म्हणाले, जे नाव शिकलं, त्या नावानं. तिकडच्या लोकांना आपल्या नावांची रचना कळत नाही, त्यामुळं त्यांची पहिली चिठ्ठी आली ती 'प्रिय' लिहून पुढं तुमचं नाव. मी ती दुरुस्त करायला कळवलं खरं, पण एक दिवस थांबून.

शिफारस हवी होती म्हणून त्या पुण्याच्या सरांना फोन केला. खूप थकलेत, कानाला कमी ऐकू येतं. मी कोण, कुठली, हे ओरडून सांगत होते, त्यांना ओळख पटेना. शेवटी म्हटलं, माझे वडील तुमच्याकडं आले होते, कापडवाले. तर लगेच म्हणाले, "ज्यांनी जाता जाता माझ्या खिडकीचा पडदा चिमटीत धरून पाहिला आणि सांगितलं की सर, तुम्हाला कापड फसवून दिलंय?" मला हे माहीतच नव्हतं, अप्पा. मी तोवर बाहेर व्हरांड्यात जाऊन जमिनीकडं बघत उभी होते. सरांनी दोन पानांची शिफारस लिहून दिली.

मुलाखत दुपारची होती. कॉलेजातल्या प्राचार्यांनी त्यांची खोली दिली आणि शिपायाला सांगून बाहेरची घंटा बंद ठेवली. पडद्यावर दोघं, एक वयस्कर बाई आणि एक तरुण प्राध्यापक.  मग त्या तरुणानं तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. म्हणाला, तुमचा प्रस्ताव चांगला आहे, तुम्ही इथं येऊन पूर्णवेळ का शिकत नाही, दूर राहून अर्धवट तर होणार नाही ना? मी इंग्रजीत उत्तर दिलं, तुम्हाला मराठीत सांगते. मी म्हणाले, मी तिकडं आले तर माझा विषय इकडं राहील. बाजार दर आठवड्याला इथं भरतो. त्यामुळं या अभ्यासापुरतं दूर कोण असेल, तर ते तुम्ही. मी जागेवरच आहे.

बोलून गेले आणि वाटलं, जास्त झालं. पण त्या वयस्कर बाई हसल्या. म्हणाल्या, माझी आजी एका बेटावर राहायची, तिच्या बोलीसाठी तिनं शाळेत मार खाल्लेला, आणि मी ती बोली अभ्यासायला मात्र शहरात येऊन बसले. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडचा एक शब्द सांगा, जो दुसरीकडं चालत नाही. मी सांगितला. त्यांनी मान तिरपी करून, ओठ सावकाश हलवत म्हणून पाहिला, "का-वून." पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा बरोबर आला. त्या शब्दावर एक अख्खा वर्ग हसला होता, अप्पा, आणि स्कॉटलंडची एक मोठी प्राध्यापक तो माझ्याकडून शिकून घेत होती, मी तिचा उच्चार तपासत होते.

प्रवेशाची बातमी परीक्षेच्या पर्यवेक्षणात असताना आली. वर्गात फोन चालत नाही, म्हणून पेपर संपल्यावर व्हरांड्यात वाचली. पुन्हा वाचली. फी माफ केल्याचंही त्यातच होतं. मग प्राचार्यांकडं गेले. त्यांनी ध्वनिक्षेपकावरून सगळ्या कॉलेजला सांगितलं आणि पोरापोरींनी असा काही गलका केला की रस्त्यावरच्या टपरीवाल्यानं येऊन चौकशी केली. अकरावीतली एक मुलगी जवळ आली, म्हणाली, "मॅडम, म्हंजी आता तुमी बी इद्यार्थी?" मी म्हणाले, हो. "मग तुमाला बी घरचा अभ्यास?" तिला त्याचाच जास्त आनंद झाला होता. संध्याकाळी आम्ही दोघं सिरसाळ्याला गेलो. भावानं दुकान लवकर बंद केलं, वहिनीनं पुरणाचा घाट घातला. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "लई चांगलं झालं. त्येंना कळवलंस का?" भाऊ काही बोलणार होता, मी त्याला खुणेनं थांबवलं. आई हल्ली कधी कधी तुम्ही बाहेरगावी खरेदीला गेलात असं धरून चालते. मी म्हटलं, कळवते.

म्हणून हे लिहायला बसले. कुठं टाकायचं नाही, हे माहीत आहे. माझ्याकडंच राहील.

एक गोष्ट मात्र मनाशी कबूल करायला हवी. हे पत्र मी आपल्या बोलीत लिहायला घेतलं होतं. तुमच्याशी मी जन्मात असं पुस्तकी बोलले नाही. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि हात अडखळला. 'हाय' लिहून खोडलं, 'आहे' लिहिलं. बोलायला येतं, लिहायला धजत नाही. त्या प्राध्यापक बाईंना हे अजून सांगितलेलं नाही.