तीन पंख आणि अर्धे बाकडे

लिहून ठेवणार: रामाचार्य भीमाचार्य राजेश्वरकर, वय त्रेपन्न, धंदा मुलांना संस्कृत शिकवणे, राहणार राजेश्वर, तालुका बसवकल्याण, जिल्हा बीदर.

लिहिण्याचे कारण असे की, येत्या गुरुवारी सोलापुरास माझ्या अंतर्गळाची शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टर त्याला हर्निया म्हणतात आणि हसतात. ज्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर हसतो, तिच्याआधी कागद करून ठेवावा असे माझे मत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. लाडीगोडीही कोणी लावलेली नाही. लावली असती तर बरे वाटले असते. चित्त ठिकाणावर आहे. गोंधळ आहे तो नाकारत नाही, पण तो बुद्धीचा नसून विषयाचा आहे, आणि तो विषय या क्षणी माझ्यासमोर कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा आहे.

कलम पहिले. मधल्या भिंतीपासून पूर्वेकडचे घर माझी पत्नी सौ. नलिनीबाई हिला द्यावे. पश्चिमेकडचे थोरले बंधू हणमंतराव, म्हणजे आमचे अण्णा, यांचे आहेच. मधली भिंत कोणाची हे वाटणीत ठरले नाही. माझ्या मरणाने ठरेल अशीही आशा नाही. पोस्टातली शिल्लक नलिनीबाईचीच. तीतून तिने प्रथम स्वतःला चष्मा करावा. आजवर ती माझा चष्मा लावून तांदूळ निवडत आली आणि खडे माझ्या ताटात येत राहिले.

कलम दुसरे. पुस्तके शाळेला द्यावीत. जो मागेल त्याला मिळावीत. कोणी मागितली नाहीत तर वाळवीला अडवू नये, तीही आवडीने वाचते.

कलम तिसरे. अग्निबाण. माझी कन्या वृंदा, जी गुलबर्ग्यास इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हमरस्त्यावर लॉऱ्यांच्या बॉड्या दुरुस्त करणारा आमचा शेजारी इरप्पा आणि मी, असे तिघांनी मिळून तो केला. दिवाळीतला नव्हे. माझ्याहून वीतभर उंच आहे. कापडाच्या ताग्यातली जाड पुठ्ठ्याची नळी, वर लाकडी टोक, खाली प्लायवुडचे तीन पंख. नळीवर माझे जुने धोतर इपॉक्सीत भिजवून गुंडाळले आहे. म्हणजे मी गेलो तरी माझे धोतर वर जाईल हे नक्की. माझ्याविषयी तसे खात्रीने सांगवत नाही.

पोटातले दारूचे नळकांडे वृंदाचे प्राध्यापक हैदराबादेहून सरकारी परवान्यासह आणणार आहेत. चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी, चिंताकी गावच्या पडीक माळावर बाण उडवायचा आहे. परवाना त्या एका दिवसापुरता. तो चुकला की वृंदाचे वर्ष संपले, प्राध्यापकांची बदली झाली, आणि बाण आमच्याकडे छत्र्या ठेवायला राहिला. परवान्यावर गावातला जबाबदार इसम म्हणून माझे नाव आहे. जबाबदार इसम गोंधळलेला आहे हे लिहायला त्यात जागा नव्हती.

गोंधळ पंखांचा आहे. इपॉक्सी हा दोन नळ्यांतला गोंद. एकीत राळ, दुसरीत तिला घट्ट करणारे औषध. वेगळी असेपर्यंत दोन्ही गरीब; एकत्र कालवली की दगड. मी आयुष्यभर शिकवत आलो की, दोन वस्तू एकमेकींना चिकटल्या तर तो संयोग, तो सुटतो. सूत आणि कापड यांचा तो समवाय, तो सुटत नाही. पंख आणि नळी या दोन वस्तू होत्या हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आता त्या सुटत नाहीत हेही पाहतो आहे. शास्त्र चुकले म्हणावे तर पाप लागते, आणि गोंद चुकला म्हणावे तर इरप्पा हसतो.

वृंदाने आम्हांला नियम घालून दिला होता. "अप्पा, गोंद टिकण्यासाठी, पुट्टी दिसण्यासाठी. एकाचं काम दुसऱ्याला सांगायचं न्हाई." चिकटवण्याआधी दोन्ही बाजू पॉलिशपेपरने खरवडायच्या, कारण गुळगुळीत वस्तूला गोंद धरत नाही. (माणसांतही असेच आहे, पण तो विषय मृत्युपत्राचा नव्हे.) पंख नळीला टेकतो त्या कोपऱ्यात गोंदात शंखजिरे कालवून बोटाने गोलसर भर द्यायची. शंखजिरे म्हणजे कॅरमवर टाकतात तसली मऊ पांढरी पूड. ही भर जोराची. मग नळीवरच्या बारीक खाचांत इरप्पाची लॉरीची पुट्टी, घासणे आणि रंग. ही सगळी शोभा. शोभा बेताने, कारण शेपूट जड झाली की बाण उलटतो.

वृंदा गुलबर्ग्याला असताना हे पंख इरप्पाने आणि मी बसवले. तिन्ही वेळा कोपऱ्यातली भर लालभडक झाली. मला वाटले, इरप्पाच्या औषधाचा रंग असेल. इरप्पाला वाटले, मास्तरांनी गेरू घातला, बामनाचं काहीतरी शास्त्र असेल. एकमेकांच्या विद्वत्तेचा मान राखून दोघेही गप्प बसलो. वर पुट्टी लावली, वर रंग दिला.

दिवाळीला वृंदा आली. ज्या करवंटीत आम्ही गोंद कालवला, तिच्या तळाशी वाळलेला लाल गोळा तिने उचलला.

"इरप्पाकाका, हे लाल कामून?"

"मास्तरला इचार."

"अप्पा?"

"इरप्पाला विचार."

तेव्हा इरप्पाची आई म्हाळसाबाई उंबऱ्यात शेंगा फोडीत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कामून भांडायलाव? मीच टाकले की भंडारा त्या पांढऱ्या पिठाच्या डब्यात. मैलार देवाचा हाय. एवढं लेकरू आभाळात जायलंय, देवाला न इचारता जाईल का?"

हळदीत चुना पडला की कुंकू होते हे आमच्या घरची पोरेही जाणतात. गोंदाच्या औषधात चुन्याचे गुण असावेत. रंगाचा उलगडा झाला. भीती मात्र त्यानंतर सुरू झाली.

"आज्जी, किती टाकला?" वृंदाने विचारले.

"देवाचं काय मापानं टाकतेत व्हय?"

"कोणत्या पंखाच्या वेळी?"

"तीन लेकरं आसली तर एकालाच हळद लावतेत का गं?"

अशा रीतीने करवंटीतल्या गोळ्याचा संशय तिन्ही पंखांवर पसरला. वृंदा म्हणते, गोंदात परकी पूड किती पडली हे ठाऊक नसेल तर सांधा ठिसूळ असू शकतो. उडताना एक पंख निघाला तर बाण सरळ न जाता लोकांत शिरेल. इरप्पाने लाल गोळ्यावर हातोडा घातला. गोळा फुटला नाही, फरशी फुटली. वृंदा म्हणाली, "गोळा फुटत न्हाई म्हणजे सांधा सुटत न्हाई असं थोडंच आहे?" फरशीविषयी नलिनीबाई जे म्हणाली ते येथे लिहीत नाही.

पंख करवतीने कापून नव्याने लावावेत, तर खालचे धोतर फाटते, पुन्हा सगळे वाळायला वेळ लागतो, आणि तारीख हुकते. तसेच उडवावे, तर तिथे शाळेतली मुले असणार, इरप्पाचा सगळा गोतावळा असणार, आणि सर्वांत जवळ वृंदा असणार. काल ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही दवाखान्यात असाल. मी कुणाला विचारू? उडवायचं का तोडायचं, तेवढं लिहून ठेवा."

तरी या कलमाचा हुकूम पुढीलप्रमाणे:

(येथे दोन ओळी कोऱ्या सोडतो. जमल्यास शेवटी भरीन.)

कलम चौथे. किराणा दुकानदार शरणप्पा. शंखजिरे पिवळट निघाले म्हणून मी भर बाजारात त्याला भेसळखोर म्हटले. पिवळेपणा मैलाराचा निघाल्यामुळे तो शब्द परत घेतो. त्याच्या तराजूविषयीचे शब्द परत घेत नाही. त्याला काही देणे नाही.

कलम पाचवे. वडिलांचे सागवानी बाकडे. वाटणीच्या दिवशी अण्णा म्हणाले, न्याय तो न्याय, आणि करवत मागवली. दोघांना अर्धी अर्धी फळी आणि दोन दोन पाय मिळाले. दोन पायांवर बाकडे उभे राहत नाही हे पंचांपैकी कोणाला सुचले नाही. अण्णांनी आपले अर्धे भिंतीत ठोकून घेतले. माझे विटांवर होते. त्या दिवसापासून अण्णा माझ्या उंबऱ्यात आले नाहीत, आणि विटा हलतात म्हणून त्या बाकड्यावर कोणी बसले नाही. तिसऱ्या पंखाच्या दिवशी करवंटीत भर उरली, ती वाया कशाला घालवायची म्हणून इरप्पाने या अर्ध्या बाकड्याला तिसरा पाय चिकटवला. खिळा नाही, पट्टी नाही. नलिनीबाईने त्यावर बसायला सर्वांना मनाई केली आहे. ती मनाई माझ्या पश्चात चालू राहावी. अण्णांना काही देणे नाही.

कलम सहावे. माझी कानस, करवत, गिरमिट इरप्पाला. तशी ती त्याच्याकडेच आहेत. म्हाळसाबाईला माझी घोंगडी, कारण विणून तिनेच दिली होती आणि दर थंडीत तिची चौकशी करते.

इथवर लिहिल्यावर नवीन अडचण उभी राहिली. वकील सांगतात, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला बसू नये, ते बरे दिसत नाही. मी यादी पाहिली. ओळखीच्या प्रत्येक माणसाला काही ना काही देऊन बसलो आहे. ज्यांना काहीही दिलेले नाही असे गावात दोघेच उरले: शरणप्पा आणि अण्णा. नलिनीबाईने दोघांना बोलावणे धाडले, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की शस्त्रक्रिया सोपी वाटू लागली.

पुढचे त्यांच्यासमोर लिहीत आहे.

शरणप्पा आधी आला. मागून अण्णा आले. उंबऱ्याशी थांबले, चप्पल काढावी की नाही याचा विचार केला, काढली. कागद हातात घेऊन उभ्यानेच वाचू लागले. अण्णांचे शरीर वडिलांवर गेले आहे. दारात उभे राहिले की खोलीत अंधार होतो.

"भिंत कोणाची ठरली नाही म्हणजे? भिंत माझी आहे!" असे म्हणून ते रागाने खाली बसले. बाकड्यावर.

"अहो भावजी, त्यावर नको!" नलिनीबाई ओरडली.

"का? अर्धं बाकडं माझ्या बापाचं नाही का?"

अण्णा मोठ्याने वाचत राहिले. दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून शरणप्पा म्हणाला, "सरका की अण्णा, जरा," आणि तोही बसला. शरणप्पाही काही उपाशी दुकानदार नव्हे. चौथ्या कलमाला शरणप्पा ताडकन उठला, "तराजूला काय झालं वो मास्तर?" म्हणाला आणि दाणकन बसला. पाचव्या कलमाला अण्णा उठले. करवत आपण मागवली नव्हती, पंचांनी मागवली होती, असे म्हणाले आणि पुन्हा बसले, अधिक जोराने. नलिनीबाईचे डोळे तिसऱ्या पायावर होते.

तेवढ्यात वृंदाच्या डोक्यात प्रकाश पडला. ती बॅटरी घेऊन बाकड्याखाली शिरली.

"काय करायलीस गं तिथं?" अण्णा.

"काका, एकदा उठून परत बसा की. आत्ता बसलात तसंच."

"कामून?"

"भिंत कोणाची ते आठवा आणि बसा."

अण्णा बसले. बॅटरीचा उजेड तिसऱ्या पायावर बराच वेळ फिरला. मग खालून आवाज आला, "अप्पा, केसभर चीर न्हाई."

धूर पाहून अग्नी ओळखावा हे मी आयुष्यभर शिकवले. तीच लाल भर, त्याच करवंटीतली, माझ्या घरात पाय होऊन उभी आहे, आणि मी पंखांकडे पाहत बसलो होतो. माझा गोंधळ पूर्ण गेला असे मात्र म्हणणार नाही. वृंदाही म्हणते, एका बाकड्यावरून सिद्ध काही होत नाही. वजन पेलणे वेगळे आणि वेग पेलणे वेगळे. म्हाळसाबाई उंबऱ्यातून म्हणते, सिद्ध तर आधीच झाले होते, तुम्हांला कळायला दोन लठ्ठ माणसे लागली. या तिघींत खरे कोणाचे ते मला ठरवता येत नाही. तिघी म्हणालो, कारण नलिनीबाईचेही एक मत आहे: बाकडे आता तरी पुसून घेते.

तरी कलम तिसऱ्याच्या कोऱ्या ओळी भरतो त्या अशा: बाण तोडू नये. ठरल्या दिवशी उडवावा. बटणाची तार लांबात लांब घ्यावी, आणि वृंदासकट सर्वांनी इरप्पाच्या लॉरीच्या मागे उभे राहावे. म्हाळसाबाई पुढे येऊ पाहील. तिला इरप्पाने धरावे.

कलम पाचव्यात दुरुस्ती. बसण्याची मनाई रद्द. बाकडे आहे तिथेच राहील. अण्णांना मी अजूनही काही देत नाही. दिले तर त्यांची साक्ष वाया जाईल. त्यांनी रोज संध्याकाळी येऊन त्यावर बसावे एवढे लिहितो. याला देणे म्हणत नाहीत.

सोलापूरहून धडधाकट परत आलो तर कलम तिसरे व पाचवे सोडून बाकी सर्व रद्द समजावे, आणि चष्म्याचे बोलणे समक्ष करता येईल.

हे सर्व माझ्या हाताने लिहिले, वाचून दाखवले, मधल्या हरकती ऐकल्या, आणि सही केली.

मुक्काम राजेश्वर, शके १९०९ प्रभवनाम संवत्सर, कार्तिक वद्य पक्ष, मंगळवार, तारीख १७ नोव्हेंबर १९८७.

(सही) रामाचार्य भीमाचार्य राजेश्वरकर

साक्षीदार:

१. (सही) शरणप्पा गुरप्पा, किराणा व्यापारी. मास्तरांनी आमच्यासमोर सही केली. शंखजिरे चोख होते.

२. (सही) हणमंतराव भीमाचार्य राजेश्वरकर. रामाने माझ्यासमोर सही केली. मी माझी सही बाकड्यावर बसूनच केली. बाकडे हलले नाही. भिंत माझी आहे. उद्या येतो.