शाईच्या तीन खुणा

१२ जानेवारी, सास्तूर
कल्याणप्पांनी ही वही आणि पेन देऊन चार दिवस झाले, पण लिहायचं रोज उद्यावर ढकललं. त्यांचं म्हणणं, तू भटक्या, कुठं टिकत न्हाईस, निदान रोज दोन ओळी बूड टेकून लिही. तर मी रणधीर, गाव ईट, नववी नापास. येडशीच्या स्टेशनवर चहा विकला (तिथली माकडं लई बेरकी, ते पुन्हा कधीतरी). आता इथं कल्याणप्पांची सेवा. घर झकास. त्यांच्या पत्नी गिरिजाबाई पोटच्या पोरागत वाढतात.

कल्याणप्पांच्या मणक्यात कॅन्सरची गाठ होती. ऑपरेशन करून नसेवरची काढली, मणक्याला सळया-स्क्रू बसवले. उरलेली जाळायला आता सोलापुरात दहा वेळा लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायचीय. त्यासाठी दोन्ही कुशींवर एकेक आणि पोटावर एक, अशा शाईच्या खुणा केल्यात. त्यांच्यावरच मशीनचा नेम. पुसू द्यायच्या न्हाईत, अशी ताकीद.

१५ जानेवारी
म्हाताऱ्याला एकच पायजे. पाटावर ताठ बसून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा. हसत म्हणाले, "मेल्यावर आमच्या लिंगायतांत बसवूनच पुरतेत रे. मला जिता हाय तवर बसायचंय." मला एक कानडी शब्द शिकवला: कुंद्रु. म्हणजे बस.

१९ जानेवारी
घात केला. घाम आला म्हणून ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसत होतो. माकडांची गोष्ट रंगली, ते हसत होते, मीही. बघतो तर खुणा गेलेल्या. हाकलून देतील म्हणून ह्याच पेनानं अंदाजानं पुन्हा काढल्या. कल्याणप्पांना कळलं न्हाय. सोलापुरात कुणी हटकलं न्हाय.

२ मार्च
त्यांचे पाय गेले. डॉक्टर म्हणाले, गाठ पुन्हा वाढली, होतं असं कधीकधी. मी रडलो तर कल्याणप्पांनीच धीर दिला. मला!

९ मार्च
गेले. खड्ड्यात बसवलं, पाठ मी धरली होती. सळयांनी ताठ बसले. एवढंच हवं होतं त्यांना. भस्म टाकताना पेनही आत टाकला. आता पेन्सिलीनं लिहितोय.

१२ मार्च
पूजेच्या वेळी त्यांच्या पाटावर ओली माती. कुणीतरी बसून उठल्यासारखी. गिरिजाबाई म्हणतात, मी न्हाय.

१३ मार्च
आंघोळीला सदरा काढला. दोन्ही कुशींवर निळा ठिपका. पोटावर एक. दगडानं घासले. रक्त आलं, पण ठिपके—

१४ मार्च, सकाळ
गिरिजाबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी समोरासमोर दोन पाट मांडले.

दार वाजलं. त्यांनी उघडलं. ओरडल्या न्हाईत, हसल्या. म्हणाल्या, बघ रं, कसे ताठ चालत आलेत—

पायांना माती. हातात तोच पेन. मला पाट दाखवत्यात. कुंद्रु, म्हणत्यात. सदरा काढ, बोटभर चुकलं होतं तुझं, आता नीट—