डाव्या हाताचा नमुना

प्रिय बाईसाहेब,

ही हाक तू आठ वर्षांची असताना पडली, ती अजून तोंडातून जात नाही. गल्लीतल्या पोरांची भांडणं तुझ्याकडे यायची. तू पायरीवर बसून दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचीस आणि मगच बोलायचीस. आता देशांची भांडणं तुझ्याकडे आलीत. तिघांच्या मंडळावर नेमणूक झाली, त्यातही अध्यक्ष तूच, हे तू फोनवर सांगितलंस आणि तासाभरात तुझ्या आईने शेजारच्या दोन्ही घरी बातमी पोचवली. नेमकं काम काय ते तिला सांगता येईना, म्हणून तिने सांगितलं की दोन देश भांडतायत आणि आमची मुलगी त्यांना समोर बसवून समज देणार आहे. मी दुरुस्त करायला गेलो नाही. तिने फारसं चुकीचं सांगितलं नव्हतं. हे पत्र वाचून झाल्यावर फाडू नकोस, एवढं आधीच सांगून ठेवतो.

इकडे सगळं ठीक आहे. माझा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना गप्प असतो. डॉक्टर म्हणाले, मग चढतच राहा. शेजारचे मास्तर रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन तुझ्या कामाची उलटतपासणी करतात. एखाद्या देशाने निकाल मानलाच नाही तर काय, मुलीच्या हाताखाली पोलीस आहेत का, असा त्यांचा सवाल. मी म्हटलं, पोलीस नाहीत, तुरुंग नाही, नुसता कागद आहे. पण व्यापाराच्या नियमांखाली सगळ्यांनी आधीच सह्या केल्यात. एकाने नियम मोडले आणि निकालानंतरही सुधारले नाहीत, तर समोरच्याला त्याच्या मालावर जादा कर बसवायची मुभा मिळते. मास्तर म्हणाले, म्हणजे सगळा भरवशाचा कारभार. मी हो म्हणालो आणि नळ बंद करायला निघून गेलो.

या भरवशाच्या कारभाराच्या अगदी तळाशी मी सगळी नोकरी केली, हे तुला ठाऊक आहे, पण मी काय करायचो ते तुला नीट कधी सांगितलं नाही. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. देशांनी मिळून ती यादी केलीय आणि कोणत्या वस्तूवर किती कर बसायचा ते त्या क्रमांकावरून ठरतं. यादीत न बसणारी वस्तू आली की भांडण लागतं. चाकं लावलेली पेटी ही पेटी की गाडी, यावर मी दोन मोठी माणसं अर्धा दिवस तावातावाने बोलताना पाहिलीत. आमच्या कस्टमच्या नमुनाखोलीत अशा वस्तू यायच्या. अकरा कपाटं होती आणि कुठल्या कपाटात काय आहे हे मी वही न उघडता सांगायचो, म्हणून सगळे मला कपाटसाहेब म्हणायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

जोडीच्या वस्तूंची आमची एक पद्धत होती. हातमोजे आले की उजवा प्रयोगशाळेत कापायचा आणि डावा पाकिटात घालून लाख लावून कपाटात ठेवायचा. पुढेमागे कोणी विचारलं तर न कापलेला पुरावा हाताशी असावा, हा हेतू. कापलेल्या तुकड्यांच्या तबकाला चिठ्ठी बांधायचं काम माझं. चिठ्ठी टेबलावरच, तुकड्यांसमोर बांधायची असा नियम होता. मी सगळी तबकं उचलून आणायचो आणि माझ्या खुर्चीत बसून आठवणीने बांधायचो. कपाटसाहेबांना बघायची काय गरज?

तुला आपल्या ओट्याजवळ खिळ्याला लटकलेला निळा हातमोजा आठवत असेल. तू कॉलेजात असताना मी तो घरी आणला आणि तुझी आई तेव्हापासून त्यानेच गरम भांडी उतरवत आली. पहिल्याच दिवशी तू विचारलं होतंस, ''बाबा, एकच कसा? आणि तोही डावा?'' मी म्हणालो होतो, उजवा कापला गेला. ते खरंच होतं. त्याच्या पुढचं मी सांगितलं नाही.

पुढचं असं. त्याच्या तीन वर्षं आधी, एकाच दिवशी कामगारांच्या हातमोज्यांच्या दोन जोड्या आल्या होत्या. दोन्ही निळ्या. एक विणलेल्या सुताची, फक्त तळव्यावर रबराचा पातळ थर. दुसरी आतबाहेर रबरात बुडवलेली. पहिली कापडात मोडते, दुसरी रबरात, आणि दोन्हींचे कर वेगळे. आठवणीने बांधताना माझ्या हातून तुकड्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. प्रयोगशाळेने प्रामाणिकपणे लिहिलं की सुताच्या हातमोज्यात रबरच जास्त आहे. त्यावरून आमच्या कचेरीने अभिप्राय दिला, खाली फक्त शिक्का आणि क्रमांक. तो अभिप्राय यादी सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीपुढे गेला. तिथल्या लोकांपुढे आमचा कागद होता, हातमोजा नव्हता. त्यांनी मतदानाला हात वर केले आणि तळव्यावर थर असलेले हातमोजे पुष्कळ देशांत रबराचे झाले.

ठेवायची मुदत संपली तेव्हा नष्ट करायच्या नमुन्यांची पाकिटं मी फोडत होतो. त्यातल्या एका पाकिटातून तो सुताचा डावा हातमोजा निघाला आणि सोबतच्या अभिप्रायात लिहिलेलं, रबरच जास्त. वर जाऊन सांगायला हवं होतं. नाही गेलो. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. ज्या एका गोष्टीसाठी मला ओळखत होते तीच खोटी ठरणार होती. हातमोजा जाळायच्या ढिगातून काढून खिशात घातला आणि घरी आणून खिळ्याला लावला. फेकवत नव्हता. पाकिटाचा लाखेचा तुकडाही चिठ्ठीसकट माझ्या खणात ठेवून दिला. अठरा वर्षं मी त्या ओट्याजवळ जेवलो, आणि एक दिवस असा गेला नाही की तो मला दिसला नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या जागेवर आता असलेल्या बाईंचा कौतुकाने फोन आला. म्हणाल्या, कपाटसाहेब, तुमच्या काळचा एक अभिप्राय मोठ्या खटल्यात पुराव्याला लागलाय, कागद सगळ्यांना बघायला खुले आहेत. मी बघितले. रबराचा कर लावणाऱ्या देशाची सगळी बाजू त्या एका कागदावर उभी आहे. दुसऱ्या देशाने लिहिलंय की त्यांच्या एका गावात सात विणकामाचे कारखाने होते, त्यातले चार या वाढीव करामुळे बंद पडले. आणि निवाडा करणाऱ्या तिघांमध्ये सर्वांत वर तुझं नाव आहे. आपला देश या भांडणात नाही, म्हणून तर तुला तिथे बसता आलं. तू म्हणाली होतीस, बाबा, कशावर बसलेय ते विचारू नका. मी विचारलं नव्हतं. आपण दोघांनीही नियम पाळला होता.

आता हे पत्र का, ते. बाईसाहेब, तुला त्या खुर्चीवरून उठावं लागेल. बाप ज्या पुराव्याच्या मुळाशी आहे, तिथे लेकीने निवाडा करायचा नाही, आणि खटल्याबद्दल बाहेरच्या माणसाने तुझ्याशी अवाक्षर बोलायचं नाही, हे दोन्ही नियम मला पाठ आहेत. दुसरा मी या पत्राने जाणूनबुजून मोडलाय, म्हणजे तुला गप्प राहायची वाट उरू नये. तेवीस वर्षं तू या खुर्चीसाठी राबलीस आणि ती तुझ्या बापाने काढून घेतली, याचं मला किती वाईट वाटतंय ते लिहिता येत नाही. पण तू तिथे बसून माझ्या चुकीवर सही केली असतीस, तर मला ते सहन झालं नसतं. सगळी हकिकत सहीनिशी लिहून आज सकाळी तुमच्या सचिवालयाला पाठवली. सोबत लाखेचा तुकडा, चिठ्ठी आणि हातमोजा. हे पत्र पोस्टाच्या त्याच खिडकीतून, त्या पाकिटाच्या पाठोपाठ टाकतोय. तू हे त्यांच्या हाती दे आणि मग जमेल तेव्हा मला फोन कर, रागावायला केलास तरी चालेल. दुपारी तुझ्या आईने भांडं उतरवायला सवयीने खिळ्याकडे हात नेला. हातमोजा कुठे गेला म्हणून विचारलं. मी म्हणालो, लेकीच्या कामाला लागला.

तुझाच,
चिठ्ठी न बघता बांधणारा बाबा