पोलादी खार भाग दोनचा निषेध

३ मार्च, सकाळी ७.१०
ट्रेलर पाहिला. चहा गार झाला, तसाच प्यायलो.
'पोलादी खार : भाग दोन'. म्हणजे भाग एकमध्ये केलेली विटंबना कमी पडली! आपल्या लहानपणीचं साधं, सरळ, हाताने काढलेलं कार्टून. त्यात खरी माणसं घुसवली. खार म्हणून एक नटी आणली, तिला कॉम्प्युटरचं शेपूट लावलं. भाग एक मी चार वेळा पाहिला, पण तो चुका नोंदवायला. आता भाग दोनमध्ये शेपटीतून क्षेपणास्त्रं सुटतात आणि खार प्रेमात पडते. कोणाच्या? तिच्या जन्माच्या वैऱ्याच्या, डॉक्टर घूसच्या मुलाच्या. घुशीला मुलगा कधी होता?
ओरिजिनलचा शेवटचा भाग ज्याने पाहिला तो हे सहन करणार नाही. पूल तुटतो. शाळेची बस अडकते. खार आपलं पोलादी शेपूट उपटून आडवं टाकते, बस त्यावरून पार होते. मग ती म्हणते, "शेपूट गेलं तरी खार राहते." मी सात वर्षांचा होतो. आयुष्यभर या वाक्यावर चाललोय. लग्नात भाषणात म्हटलं. लेक चिमणी गणितात नापास झाली तेव्हा तिलाही म्हटलं.
ठराव : भाग दोन पाहणार नाही. घरातलं कोणीही पाहणार नाही.

५ मार्च
'शेपूट वाचवा समिती' स्थापन. अध्यक्ष मी. सह्यांचं निवेदन सुरू केलं. ऑफिसातल्या मेकॅनिकने ताबडतोब सही केली. नंतर विचारत होता, सुट्टी कधीपासून मिळणार? त्याने निवेदन वाचलं नव्हतं. सही ग्राह्य धरली.
बायको म्हणाली, हे ऑफिसचं काम आहे का? म्हटलं, त्याहून मोठं आहे. ती म्हणाली, मग ऑफिसच्या वेळेत का करतोस? या बाईला कलेत रस नाही.

८ मार्च
चिमणीला मैत्रिणींबरोबर पहिल्या दिवशी पहिला शो हवाय. वर्गातल्या सगळ्या जाणार म्हणे. दहा वर्षांच्या मुलीला तत्त्व म्हणजे काय ते समजावून सांगितलं, पाऊण तास. रडली नाही. "झालं तुझं?" म्हणाली आणि खोलीत गेली. विचार करायला गेली असणार.
संध्याकाळी ताईचा फोन. चिमणीने आत्याकडे अपील केलेलं दिसतंय. ताई म्हणाली, अरे, मुलं आहेत, जाऊ दे की. मी म्हटलं, ताई, तू हे बोलतेस? आपण दोघांनी मिळून पाहिलेलं कार्टून! ती म्हणाली, तुला अजून ते शेपूट आठवतं? म्हटलं, आठवतं म्हणजे काय!
माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, पण स्मरणशक्ती माझी चांगली.

११ मार्च, दुपारी ३.४०
साहेबांनी मेमो दिला. अन्याय.
मी लिफ्ट कंपनीत तक्रार विभागात आहे. लोक फोन करतात, मी नोंदवतो, मेकॅनिक पाठवतो. सोपं काम, पण लोकांना धीर नाही. सकाळी एक दातांची डॉक्टर तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. चार वेळा फोन! मी सिनेमा कंपनीला निषेधपत्र लिहीत होतो, चौदावं पान चालू होतं, ओघ तुटू द्यायचा नव्हता. पन्नास मिनिटांनी बाहेर काढलं तर म्हणते, तुम्ही माझं ऐकतच नव्हता. आता क्षुल्लक गोष्टीची एवढी तक्रार करणाऱ्या माणसांचं काय करायचं?
पत्र पाठवलं.

१४ मार्च
सिनेमा कंपनीचं उत्तर आलं! आज तेच पत्र ईमेलने पाठवलं, तर चार मिनिटांत! "आपल्या प्रेमाबद्दल आभार. तिकीट बुकिंग सुरू झाले आहे." हादरलेत. घाईत काय लिहावं तेही सुचलेलं दिसत नाही.
शिवाय जुन्या आठवणींवरच्या एका चॅनेलला माझी मुलाखत हवीय, १९ तारखेला, लाइव्ह. शेवटच्या भागातला तो सीन लोकांना दाखवीन. जुन्या कार्टूनचा एक संग्राहक शोधून काढला. त्याच्याकडे सव्वीसच्या सव्वीस भाग आहेत. उद्या डिस्क आणतो.
सह्या : नऊ. सुरुवात आहे.

१६ मार्च, रविवार
सव्वीस भाग सलग पाहिले.
चिमणीला मुद्दाम शेजारी बसवलं. खार पळते तेव्हा मागून तेच एक झाड अकरा वेळा जातं. चिमणीने मोजलं. तिला सांगितलं, ते प्रतीक आहे. तिसऱ्या भागात खारीला चार बोटं, चौथ्यात पाच. तेही प्रतीक असावं. डॉक्टर घूसचा आवाज आणि खारीचा आवाज एकाच माणसाचा आहे, हे लहानपणी लक्षात आलं नव्हतं. पाचव्या भागाला चिमणी उठली आणि आपणहून अभ्यासाला बसली. म्हणजे कार्टूनचा परिणाम अजूनही होतो.
सव्विसावा भाग. खार आणि डॉक्टर घूस मिळून दात कसे घासावेत यावर गाणं म्हणतात. समाप्त.
पूल नाही. बस नाही. शेपूट जागच्या जागी.
संग्राहकाला फोन केला. म्हणाला, सव्वीसच होते, एकही कमी नाही. त्याचा आवाज संशयास्पद वाटला.

१७ मार्च
रात्र नीट गेली नाही, पण उत्तर मिळालं. सत्ताविसावा भाग होता. तो दाबला गेला. कोणी दाबला? ज्यांना क्षेपणास्त्रं दाखवायची होती त्यांनी.

१९ मार्च, रात्री ८
विजय!
मुलाखत घेणारी मुलगी पंचविशीची. च्युइंगम खात होती. मी सत्ताविसाव्या भागाचा गौप्यस्फोट केला. ती म्हणाली, काका, हे तुमच्याशिवाय कोणी पाहिलंय? मी म्हटलं, माझ्या बहिणीने. तिने लाइव्हमध्येच ताईला फोन लावला.
ताई हॉस्पिटलात हेडनर्स आहे, ड्यूटीवर होती. मुलीने विचारलं, असा भाग खरंच होता का? ताईच्या मागे कोणीतरी सलाइन, सलाइन म्हणत होतं. मग ती म्हणाली, "हो. होता ना. मी बारा वर्षांची होते, मला नीट आठवतं. पूल तुटतो, बस अडकते, खार शेपूट काढून आडवं टाकते. भाऊ खरं बोलतोय."
पुरावा! प्रत्यक्ष साक्षीदार! मुलीने च्युइंगम काढलं.

२० मार्च
ताई संध्याकाळी ड्यूटी संपवून तशीच आली. बायकोला आणि चिमणीला गच्चीवर पाठवलं आणि माझ्यासमोर बसली. जसं झालं तसं लिहितो.
"असा भाग नव्हता," म्हणाली.
मी म्हटलं, काल तर तूच...
"काल सगळ्यांसमोर तुला तोंडघशी पाडू का? अरे, तो शेवटचा रविवार. आपण कार्टून पाहिलंच नाही. आपण हॉस्पिटलच्या बाकावर होतो. आईचा हात ती कामाला होती त्या छापखान्याच्या कटिंग मशीनमध्ये गेला होता, तिला आत नेलं होतं. बाबा फॉर्म भरत होते. आणि तू एकच धोशा लावलेला, शेवटचा भाग बुडाला, शेवटचा भाग बुडाला. मग मी सांगितला."
"तू बनवलास?"
"बसल्या बसल्या. दुसऱ्या दिवशी तुला आईला भेटवायचं होतं. तू घाबरशील असं वाटलं. म्हणून ते शेपटाचं घातलं."
मला आईचा उजवा हात आठवतो. मनगटापर्यंत. मला वाटायचं तो आधीपासूनच तसा होता. तिला भेटायला गेलो तेव्हा मी काय म्हटलं ते ताईने सांगितलं. ते इथे लिहीत नाही.
ताई चहा न घेता गेली.
समितीची बैठक तहकूब.

२३ मार्च
मुलाखत एक लाख लोकांनी पाहिली. खाली प्रतिक्रिया. "सत्ताविसावा भाग! मी पाहिलाय!" "बस पिवळी होती ना?" "आमच्या गल्लीत सगळे रडले होते." एकाने लिहिलंय की बसचा ड्रायव्हर म्हणजे डॉक्टर घूसच होता, आणि त्याला चारशे लाइक. संग्राहक लिहितो, माझ्याकडे होता, कोणीतरी वाचायला नेला आणि परत दिला नाही. डिस्क कोण वाचायला नेतं?
काय ही माणसं! न पाहिलेल्या गोष्टीसाठी गळे काढतात. लाज वाटली पाहिजे.
(माझं प्रकरण वेगळं आहे.)

३० मार्च
चिमणीला बोलावून जाहीर केलं की बंदी उठवली आहे, आज मी स्वतः तुला भाग दोनला नेतो. ती आईकडे पाहायला लागली. बायको भाजी निवडायला लागली.
चिमणीने दोनदा पाहिलाय. एकदा आईबरोबर, एकदा आत्याबरोबर. म्हणाली, "बाबा, तू समितीत आहेस ना, म्हणून सांगितलं नाही."
विचारलं, कसा आहे?
"ठीक. क्षेपणास्त्रं मस्त आहेत."

९ एप्रिल
सिनेमा कंपनीने भाग तीन जाहीर केला. चाहत्यांच्या भावनांचा आदर करून त्यात 'हरवलेल्या शेवटच्या भागातला' पुलाचा प्रसंग घेणार. पूल दोन किलोमीटरचा, खाली ज्वालामुखी.
कागद घेतला, निषेधपत्र सुरू केलं. पहिलं वाक्य : हा प्रसंग माझ्या बहिणीने हॉस्पिटलच्या बाकावर... कागद फाडला. ताईने लाइव्हवर साक्ष दिली आहे. जन्मात पहिल्यांदा तक्रारीला खरं कारण मिळालं आणि तक्रार करता येत नाही.
ताईला फोन केला. ती हसली. म्हणाली, ज्वालामुखी मला सुचलाच नव्हता.
मग पुष्कळ दिवसांनी आईबद्दल बोललो. तासभर. एकीकडे ऑफिसचा फोन वाजत होता, तो मात्र उचलला. अकराव्या मजल्यावर दोघं अडकले होते. मेकॅनिक लगेच पाठवला.

१३ एप्रिल, दुपारी २
सकाळच्या शोला एकटाच गेलो. भाग दोनचा शेवटचा आठवडा. थिएटरात सहा माणसं. मागच्या रांगेत माझ्याच वयाचा एक गृहस्थ बायकोला सांगत होता, खरा शेवटचा भाग पुलाचा, टीव्हीवर एकदाच लागला होता, मी जेवलो नव्हतो त्या दिवशी. बायको म्हणाली, काहीतरीच. तो म्हणाला, आईशपथ!
मी मागे वळलो. दोन शब्द सुनावणारच होतो. त्याने मलाच विचारलं, "तुम्हीही पाहिलाय का हो?"
"हो," म्हटलं. "बहीण होती शेजारी."
दिवे मालवले. सिनेमा भिकार आहे. मध्यंतरात उठून येणार होतो, पण तेवढ्यात त्या गृहस्थाने पुढे वाकून माझ्यासमोर पॉपकॉर्न धरलं. मग शेवटपर्यंत बसावं लागलं.