राहिलेले शंभर मीटर

१४ ऑक्टोबर १९५६, झान्डाम
मोडला! शंभर मीटरचा जागतिक विक्रम – माझाच, मार्चमधला. दूडेन्सबाईंनी घड्याळ दोनदा पाहिलं. अकरा वर्षं शिकवतात मला, आज पहिल्यांदा म्हणाल्या, "बरं पोहलीस." लगेच पुढे, "वळताना आळस केलास."
बाबा आले नव्हते. खोकला म्हणे. कालव्यातून वाळूचा पडाव चालवणारा माणूस, थंडीत छाती उघडी टाकून उभा राहायचा. तो खोकल्याने घरी बसला.

२१ ऑक्टोबर
चोवीस पूर्ण. मागच्या ऑलिंपिकला, हेलसिंकीत, कान फुटला, अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी मला बाहेर बसवलं. यंदा मेलबर्न. त्यानंतरच्या ऑलिंपिकला मी अठ्ठावीस – शंभर मीटरला म्हणजे आजीबाईच. तेव्हा हीच खेप.
आईने सफरचंदाचा केक केला. बाबांनी एक घास खाऊन बशी सरकवली. "पोट भरलंय." सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, मी पाहत होते. तसं म्हटलं तर, "तू पाण्यात लक्ष घाल, विप. माझ्या पोटात नको."

४ नोव्हेंबर
हंगेरीत, बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे शिरले. आई बटाटे सोलायची थांबली. युद्धात आमच्याच गल्लीतून जर्मन गाड्या जायच्या, तो आवाज मला आठवला.

६ नोव्हेंबर
जायचं नाही.
परवा विमान होतं. रशिया खेळणार तिथे हॉलंड नाही, असं ठरलं. बाई कोट न काढता दारातच उभ्या राहिल्या. "विप्के, खाली बस." मी बसले नाही.
"बरोबरच असेल त्यांचं," मी म्हटलं. "पण मला कोणी विचारलं?"
"मलाही नाही विचारलं." आणि त्या रडायला लागल्या.

९ नोव्हेंबर
पाववाला म्हणाला, "देशाची मान उंच केलीत." मी काय केलं? घरी बसले.

२२ नोव्हेंबर
मेलबर्नला खेळ सुरू झाले. हंगेरीचा संघ तिथे पोहोचलाय. ज्यांच्यासाठी आम्ही थांबलो ते गेले! यावर कुणाशी बोलू?
तलावाकडे फिरकले नाही. बाबा आता अंथरुणालाच खिळलेत. मी चमच्याने लापशी भरवते. डॉक्टर आले की आई दार लावून घेते. "छातीत गारठा बसलाय," एवढंच सांगते.
आज बाबांनी विचारलं, "तिकडे पाणी गार असतं का गं?"
"तिथे उन्हाळा आहे, बाबा."
"मग बरं."

१ डिसेंबर
माझी शर्यत झाली. ऑस्ट्रेलियाची मुलगी जिंकली. रेडिओ बंद केला, बाबांपाशी जाऊन बसले. त्यांनी हात पुढे केला. केवढासा झालाय तो हात.

३ डिसेंबर
बाबा गेले. सकाळी, माझा हात धरून.

७ डिसेंबर
काल दफन झालं. आज आई बोलली. कर्करोग – ऑगस्टपासून माहीत होता. मला कळू द्यायचं नाही, अशी शपथ बाबांनी घातली होती तिला. मी मेलबर्नला असते तर तारसुद्धा शर्यतीनंतरच करायची, हेही त्यांनीच ठरवलेलं.
"तुझं जाणं रद्द झालं, त्या दिवशी माझ्यापाशी रडले," आई म्हणाली. "म्हणाले, पोरगी राहतेय. मला किती आनंद झालाय ते तिला कधी सांगू नकोस."