सोनगीरच्या नानांचं नाव

१२ नोव्हें., धुळे
नवे साहेब पुन्हा टेबलापाशी. पुण्याहून या जिनिंगमध्ये येऊन तीन आठवडे. म्हणे, प्रोग्रामातलं 'नाना' हे नाव काढा मॅडम, लोक हसतात. हसू देत. सोनगीरचे नाना वजनकाट्यावर मूठभर कापूस दाबून ओल सांगायचे आणि तेवढीच घट वजनात धरायचे. ते जाण्याआधी त्यांच्याजवळ बसून ती रीत मी लिहून घेतली, प्रोग्रामात घातली. नाव त्यांचंच राहील.

१५ नोव्हें.
सकाळपासून कुरबुर. कापूस कोरडा, घट ओल्याची. काट्यावर गाड्या तोलणारा भाऊ विचारायला आला, "अक्का, नाव नानानं शे, मंग काम कोन करस?"
नाव नानांचं, मग काम कोण करतं? नेमकं विचारलं. काट्याचा प्रोग्राम नुसतं नाव घेतो. त्या नावापुढे कोण, ते रजिस्ट्री, म्हणजे आतली नावांची नोंदवही, बघते. साहेबांनी घट काढणारा आपला नवा भाग 'नाना' याच नावानं नोंदवला. कोरडा-ओला, सगळ्यांना सारखी घट. एका नावाचे दोन होत असतील तर यंत्रच अडवेल, असं वाटलं त्यांना. अडवत नाही. शेवटी आलेला पहिल्याची जागा घेतो, कुणाला न सांगता.
शाळेत सिस्टर हजेरी घेताना चेहरा बघायच्या. गैरहजर शैलाच्या नावाला मी ओ दिली तेव्हा पट्टी खाल्लीच. इथे चेहरा कोणी बघत नाही.

१६ नोव्हें.
नानांचा भाग परत त्या नावावर बसवला. कालच्या गाड्यांची घट दुरुस्त करा, म्हटलं. साहेब हळूच म्हणाले, "वरच्यांना सारखी घटच आवडलीय. निवृत्तीला तुमची दोन वर्षं राहिलीत, कशाला...?"
काल चूक होती. आज सोय झाली.

१८ नोव्हें.
लेखी आलं. उद्या सकाळपर्यंत जुना भाग काढा, नाहीतर जळगावला बदली. घरी हे म्हणाले, माहेरीच पाठवतायत की तुला. मी हसले. मग त्याच कागदावर लिहून दिलं: काढणार नाही. तुम्ही काढा, आणि काट्यावर 'सगळ्यांना सारखी घट' असा फलक लावा. भाऊला वाचून दाखवलं. तो रांगेत जाऊन एकेकाला सांगून आला.

१९ नोव्हें., दुपार
सातला फाटक उघडलं. एकही गाडी काट्यावर चढेना. गाडीवाले खिडकीशी येऊन उभे, पडद्यावर 'नाना' या नावापुढे कुणाचा भाग ते बघायला. अजून नानांचाच भाग. साहेब मागे उभे. म्हणाले, "मॅडम, मला बसू द्या, मी काढतो तो."
उठले नाही. भाऊला म्हटलं, घे पहिली गाडी.
वरून फोन वाजतोय. उचलेन, ही रांग संपली की.